सरगूरचा पेपर

डॉ. अंबाजीराव महेंद्रकरांना सकाळी उठल्याउठल्या पांडुरंगाचं नाव घ्यायची सवय होती. ती कधी सुटली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आता ते उठले की आधी चष्मा शोधत, मग फोन, आणि मग फोनवर आपला आकडा. आपल्या पेपरांचा उल्लेख जगात आजवर किती जणांनी केला, तो आकडा. वैद्यकातल्या संशोधकाची सगळी अब्रू हल्ली त्या एका आकड्यात मावते. तुम्ही शोधलंत काय, हे कुणी विचारत नाही. सायटेशन किती, ते विचारतात. मुलाचा पगार विचारून सोयरीक जुळवणाऱ्यांना आपण नावं ठेवतो, पण विद्वानांच्या घरीही शेवटी मातीच्याच चुली.

अंबाजीरावांचा आकडा मोठा होता. मैसूरच्या त्या मेडिकल कॉलेजात शिरलं की डाव्या हाताला एक भलामोठा टीव्ही लावलेला होता आणि त्यावर दिवसभर प्राध्यापकांचे फोटो आणि त्यांचे आकडे फिरत असत. सगळ्यांत पहिला फोटो अंबाजीरावांचा. खेड्यापाड्यांतून आलेले पेशंट त्या टीव्हीखाली बसून डब्यातली इडली खात, आणि हा माणूस कुठल्या पक्षाकडून उभा राहिलाय याचा अंदाज बांधत.

आता हा आकडा वाढतो कसा, तेही सांगून टाकतो. अंबाजीरावांच्या विभागात एक रीत होती. कुणीही पेपर लिहो, शेवटच्या यादीत साहेबांचे दोन-चार पेपर घुसवायचेच. दुसऱ्या कॉलेजातले मित्रही घुसवत, आणि अंबाजीराव त्यांचे घुसवत. लग्नात आपण पितळी डबा दिला की आपल्या घरच्या लग्नात परत डबाच येतो, तसा हा आहेर. त्यात कुणालाच काही वाटत नसे. पण आहेराच्या डब्यांनी घर भरतं, श्रीमंती येत नाही. अंबाजीरावांची खरी श्रीमंती एकाच पेपरातून आलेली होती, आणि तो पेपर मात्र त्यांनी घाम गाळून लिहिलेला होता. सगळे त्याला सरगूरचा पेपर म्हणत.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. कॉलेजात नव्याने लागलेल्या अंबाजीरावांना मैसूर जिल्ह्यातल्या सरगूरच्या आरोग्य केंद्रावर पाठवलं होतं. आजूबाजूला कापूस, तंबाखू, नाचणी. शेतावर राबणाऱ्या बाया कंबर धरून येत. कंबरदुखीवर एक इंजेक्शन तेव्हा नवीन आलेलं होतं. ते टोचलं की बाई हसत घरी जाई. त्यातल्या काही बाया मात्र आठवडाभरात सुजलेलं तोंड घेऊन परत येत, आणि एक-दोघी परत आल्याच नाहीत. औषध तेच, डोस तोच, मग या पन्नाशी-साठीच्या बायांचीच मूत्रपिंडं का बिघडावीत, ते कुणाला उमगेना.

एका दुपारी रांगेतल्या म्हातारीला नर्सनं पाण्याचा पेला दिला. म्हातारीनं तो तसाच परत केला. अंबाजीरावांनी ते पाहिलं आणि त्यांना एकदम आपली थोरली बहीण आठवली. सोयराक्का. मैसूरच्या अग्रहारात शिलाई मशीनवर ब्लाउज शिवून तिनं या भावाला डॉक्टर केलं होतं. मशीनवर बसली की अक्का दिवसभर पाण्याचा थेंब घेत नसे, कारण पाणी प्यालं की उठावं लागतं, आणि त्या काळी सगळ्या गल्लीचा मिळून संडास तिकडे लांब टोकाला. शेतातल्या बायांना तर तोही आडोसा नव्हता. अंबाजीरावांनी मग गावोगाव सायकल हाणत जाऊन प्रत्येक बाईला एकच प्रश्न विचारला: दिवसात पाणी किती पितेस? उत्तरं मिळत गेली आणि कोडं सुटलं. शरीर कोरडं पडलेलं असताना ते इंजेक्शन वयस्क बाईच्या मूत्रपिंडावर घाला घालतं. देण्याआधी पाण्याचं विचारा. एवढंच त्यांनी लिहिलं. आयुष्यात त्यांनी लिहिलेली सगळ्यांत खरी गोष्ट तीच.

पण ती लिहिली विद्वानांच्या रीतीनं. विद्वान माणूस आपलं म्हणणं आधी कधीच सांगत नाही. आधी समोरच्याचा पूर्वपक्ष मांडायचा, मग तो खोडायचा, ही आपल्याकडची जुनी शिस्त. म्हणून पेपराचं पहिलंच वाक्य असं होतं: 'कंबरदुखीवरचं हे इंजेक्शन वयस्क रुग्णांसाठी सुरक्षित मानलं जातं.' आणि मग पुढच्या परिच्छेदापासून, ते तसं का नाही, याची दहा पानं.

ती दहा पानं पुढे कितीतरी वर्षं कुणी उघडली नाहीत. आकडा शून्य. मग ते जर्नल एका परदेशी कंपनीनं विकत घेतलं आणि सगळे जुने अंक इंटरनेटवर चढवले. पहिल्या दोन ओळी फुकट, पुढचं वाचायचं असेल तर पैसे. फुकट ते पौष्टिक. कुणा एका लेखकानं पहिली ओळ उचलली आणि लिहून टाकलं की हे औषध वयस्कांना सुरक्षित आहे, पाहा महेंद्रकर. त्याच्यावरून दुसऱ्यानं उचललं, दुसऱ्यावरून दहांनी. पहिलं मेंढरू ज्या खड्ड्यात पडलं त्यात सगळा कळप, आणि प्रत्येक मेंढरामागे अंबाजीरावांचा आकडा एकानं वर.

अंबाजीरावांच्या हे लक्षात आलं नाही असं नाही. आकडा चढायला लागला तेव्हा ते आधी हरखले, घरी पेढे नेले, आणि मग कौतुकानं त्यातला एक पेपर उघडून वाचला. वाचता वाचता त्यांचे कान तापले. दुसरा वाचला, तिसरा वाचला. सगळीकडे तेच, उलटं. त्यांनी त्याच दिवशी जर्नलला पत्र लिहायला घेतलं होतं. दोन ओळी लिहूनही झाल्या होत्या. तेवढ्यात डीनचा फोन आला की तुमच्या सायटेशनची चर्चा वरपर्यंत गेली आहे आणि विभागप्रमुख म्हणून तुमचंच नाव आहे. पत्र म्हटलं तर दुसऱ्या दिवशीही लिहिता आलं असतं. तो दुसरा दिवस सहा वर्षांत उजाडला नाही.

आणि मग एके दिवशी वर्षिणी आली. वर्षिणी म्हणजे विभागातली नवी असिस्टंट प्रोफेसर, मैसूरच्याच जुन्या मराठी घरातली. घरात मराठी उरलं होतं ते आजीपुरतं, त्यामुळे तिची वाक्यं मराठीत निघत आणि कुठंही पोचत. ती हातात कागदांचा गठ्ठा घेऊन उभी राहिली.

"सर, तुमचा तो सरगूर पेपर मी पूर्ण वाचले. लायब्ररीत जुना इश्यू आहे, त्यात."

"पूर्ण?" अंबाजीरावांनी विचारलं. पोरीनं न विचारता कपाट उघडावं, तसा त्यांचा स्वर होता.

"होय सर. आणि हे बघा, हे सगळे तुम्हाला उलटं कोट करायलेत. तुम्ही देऊ नका म्हटलंय, हे म्हणतात सेफ आहे. एकानं पण वाचलं नाही, सर. एकानं पण!"

"बस जरा. कॉफी घेतेस?"

"नको सर. आता नवीन गाइडलाइन आली की डॉक्टर लोकांची, त्यात पण घातलंय. वयस्कांना चालतं म्हणून. खाली तुमचंच नाव."

अंबाजीराव खुर्चीत मागे रेलले. सहा वर्षं स्वतःला जे समजावलं ते तोंडपाठ होतं, त्यामुळे ते शांतपणे बोलू शकले. "हे बघ वर्षिणी, पेपर वाचून इंजेक्शन टोचणारा एक डॉक्टर मला दाखव. कंपनीचा माणूस बॅग घेऊन येतो, तो सांगेल ते टोचतात. हे पेपर-बिपर आपलं आपल्यात चालतं गं. पेशंटपर्यंत कुठं पोचतंय?"

"मग आपण लिहितो कशाला सर?"

 तेव्हा अंबाजीरावांनी, उत्तर नसलं की साहेब लोक जे करतात, ते केलं. मायेनं विचारलं, "तुझं प्रोबेशन कधी संपतंय?"

पोरीचा चेहरा उतरला. तिला प्रश्नही कळला आणि प्रश्नाचं उत्तरही. अंबाजीराव म्हणाले, "पुढच्या आठवड्यात आमच्या समाजानं माझा सत्कार ठेवलाय. तो होऊ दे. मग मीच जर्नलला लिहितो." वर्षिणीनं कागद गोळा केले आणि ती गेली. दार तिनं अगदी हळू लावलं, आणि अंबाजीरावांना ते आपटल्यापेक्षा जास्त लागलं.

सत्कार अग्रहारातल्या विठ्ठल मंदिराच्या हॉलमध्ये होता, आणि समाजाचे अध्यक्ष विठ्ठलराव यांनी मुद्दाम निर्जला एकादशीचा दिवस धरला होता, कारण त्या दिवशी भजनाला माणसं आयतीच जमतात. सोयराक्का सत्तरीच्या घरात आलेली, पण निर्जला एकादशी तिनं लहानपणापासून कधी मोडली नव्हती. अन्न नाही, पाणी नाही, दिवसभर भजन. त्यात आधीचा सगळा आठवडा ती मशीनवर वाकलेली होती. भावाच्या सत्काराला दुकानातला जुब्बा चालणार नव्हता. कॉलेजात शिकायला जाताना त्याचा पहिला पांढरा कोट तिनं शिवला होता, तेव्हा हा जुब्बाही तीच शिवणार. सुईत दोरा ओवायला आता शेजारची पोरगी लागे, पण शिवण तशीच सरळ.

विठ्ठलरावांनी भाषण ठोकलं. ते स्वतः कापडाचे व्यापारी. सायटेशन म्हणजे काय हे त्यांना अंबाजीरावांनीच फोनवर समजावलं होतं, आणि त्यांना समजायचं तेवढंच समजलं होतं. "आपल्या समाजाच्या पोरानं लिहिलेलं," ते माइकमध्ये गरजले, "आज जगातल्या चौदाशे मोठमोठ्या डॉक्टरांनी वाचलंय! वाचून आपल्या पुस्तकात लिहिलंय!" टाळ्यांचा कडकडाट झाला. डोक्यावर मैसुरी पेटा चढला, शाल आली, चंदनाचा हार आला. अंबाजीरावांनी मान झुकवली. वाचलं नाही हो, वाचलं नाही, असं मनात कुणीतरी म्हणत होतं, पण मनातल्याला माइक कोण देतो.

खाली उतरल्यावर ते अक्काच्या पाया पडले. अक्काचे ओठ दिवसभराच्या उपासानं कोरडे पडले होते, पण डोळ्यांना पाणी होतं.

"चौदाशे, अंबू? अय्यो! आपल्या सगळ्या गल्लीत तेवढी माणसं नाहीत की रे."

"होय अक्का."

"सगळ्यांनी वाचलं?"

"होय," अंबाजीराव म्हणाले. तिच्याशी ते आयुष्यात फार कमी खोटं बोलले होते.

आणि मग अक्काला उठता येईना. कंबर धरली होती. दोघांनी दोन्हीकडून उचललं तेव्हा ती कळवळली, आणि लगेच लाजून हसली. अंबाजीरावांनी तिला गाडीत घातलं आणि कुवेंपुनगरात आपल्या घरी आणलं. बायको तुळसीनं अंथरूण घातलं, कंबर शेकली. दुसऱ्या दिवशी द्वादशीची पूजा होईपर्यंत अक्कानं पाणी घेतलं नाही. त्यानंतरही घोटभरच घेतलं, कारण भावाच्या घरातला संडास जिना चढून वर, आणि कंबरेचं हे असं. "सुम्ने, उगीच तुम्हाला त्रास कशाला," ती तुळसीला म्हणाली.

अंबाजीरावांना त्याच सकाळी बेंगळूरला निघायचं होतं. तिथं तरुण डॉक्टरांसाठी तीन दिवसांचं शिबिर होतं, विषय: उत्तम शोधनिबंध कसा लिहावा. गाडीत बसता बसता त्यांनी रक्षितला फोन केला. रक्षित हा त्यांचा जुना विद्यार्थी. कुवेंपुनगरातच त्याचा दवाखाना होता. "आमच्या अक्काला जरा बघ रे. कंबर धरली आहे," ते म्हणाले. "घरी जाऊन बघतो सर, तुम्ही निर्धास्त जा," रक्षित म्हणाला, आणि ते निर्धास्त गेले.

रक्षित खरोखरच रोज घरी येऊन गेला. पोरगा गुणी होता. तीन दिवस त्यानं स्वतःच्या हातानं इंजेक्शन दिलं, आणि तीन दिवस अक्का तोंड भरून त्याला आशीर्वाद देत राहिली, कारण कंबर दुखायची थांबली होती.

अंबाजीराव परतले तेव्हा अक्काचं तोंड सुजलेलं होतं. पाय सुजलेले. "लघवीच होईना रे कालपासून," ती म्हणाली, आणि तुळसीकडे बघून ओशाळली. अंबाजीरावांनी तो चेहरा पाहिला. असे चेहरे त्यांनी सरगूरला पाहिले होते. तीस वर्षांत ते विसरले होते असं नव्हे. या घरात, या पलंगावर तो चेहरा दिसेल असं त्यांना वाटलं नव्हतं, एवढंच. त्यांनी तिला तसंच गाडीत घातलं.

हॉस्पिटलात रक्त तपासलं, आकडे आले. आयुष्यभर ज्यांनी आकड्यांचा ध्यास धरला त्यांना ते आकडे वाचवेनात. रक्षित धावत आला. कॉरिडॉरमध्ये सरांचे हात धरून तो कन्नडमध्ये बोलायला लागला, आणि बोलता बोलता रडायला लागला.

"सर, देवाशपथ, दुसऱ्या कुणाला दिलं असतं तर एवढा विचार केला नसता. तुमची अक्का म्हणून मी आधी गाइडलाइन उघडली. वयस्कांना कुठलं चालेल ते बघितलं. यालाच सुरक्षित म्हटलंय, आणि खाली रेफरन्स तुमचा. तुमचा, सर! म्हटलं, सरांच्या घरात सरांनीच सिद्ध केलेलं औषध द्यायचं, याहून चांगलं काय?"

"पेपर वाचला होतास?" अंबाजीरावांनी विचारलं.

"पेपर? नाही सर. तुमचं नाव होतं की."

अंबाजीरावांच्या डोक्यात तिडीक गेली. या गधड्याच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं. पण वाजवायची तर एकट्या याच्याच का? चौदाशे जणांच्या का नाही? आणि चौदाशे झाले की रांगेत शेवटी उभा कोण आहे, तेही त्यांना दिसलं. पेपर वाचून इंजेक्शन देणारा डॉक्टर दाखव, असं ते वर्षिणीला म्हणाले होते. हा बघा, त्यांच्याच हाताखाली शिकलेला, न वाचता देणारा.

"तुझी चूक नाही," ते म्हणाले. रक्षितला तो सरांचा मोठेपणा वाटला. त्यानं त्यांचे पाय धरले, आणि अंबाजीरावांनी ते धरू दिले, कारण मागे व्हायचंही त्राण त्यांच्यात नव्हतं.

अक्का वाचली. वाचली म्हणजे काय, तर आठवड्यातून तीनदा तिला यंत्राला जोडायचं आणि रक्त धुऊन काढायचं. मूत्रपिंडं परत आलीच नाहीत. शिलाई मशीनवर तुळसीनं चादर घातली. आणि ज्या बाईनं जन्मभर पाण्याला नाही म्हटलं तिला आता तहान लागायला लागली. अशी तहान की ती चमचा चाटायची. पण पाणी अंगात साठतं, बाहेर जायला वाट नाही, म्हणून दिवसाचं पाणी मोजून. सकाळी अंबाजीराव एका तांब्यात दिवसभराचं पाणी भरून ठेवत आणि छोट्या स्टीलच्या पेल्यानं तेवढंच देत. मागितलं तरी जास्त द्यायचं नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. ते डॉक्टर त्यांचेच सहकारी होते, आणि तेही त्यांचा आकडा मानणारे.

अंबाजीरावांनी आता मात्र पत्र लिहिलं. रात्रंदिवस डोक्यात तेच होतं. आकडा जाऊ दे, विभागप्रमुखपण जाऊ दे, टीव्हीवरचा फोटो जाऊ दे, पण पुन्हा कुणा म्हातारीला ती सुई लागू नये. आयुष्यात बऱ्याच वर्षांनी त्यांना एखादी गोष्ट मनापासून हवी होती. लिहून झाल्यावर त्यांनी वर्षिणीला बोलावलं आणि कागद पुढे केला. तिनं तो उभ्या उभ्याच वाचला. अक्काचं तिच्या कानावर आलं होतं. 'मी सांगितलं होतं' असं ती म्हणाली नाही, आणि म्हणाली असती तर अंबाजीरावांना बरं वाटलं असतं.

"सर, पहिलं वाक्य बदला," ती म्हणाली.

पहिलं वाक्य होतं: 'हे इंजेक्शन वयस्क रुग्णांसाठी सुरक्षित असल्याचा आधार म्हणून माझा सरगूरचा पेपर जगभर मानला जातो.' पुढे, तो तसा मानणं का चूक आहे, ते सगळं खुलासेवार होतं.

"का? बरोबर तर आहे."

"आधीच 'देऊ नका' म्हणा ना सर. सरळ."

"अगं, जर्नलमध्ये असं चालत नाही. आधी पूर्वपक्ष मांडायचा असतो. मग उत्तर." एवढं सगळं होऊनही त्यांच्या आवाजात शिकवण्याचा सूर आला. साठीला टेकलेल्या माणसाच्या हाताला लागलेलं वळण. सुंभ जळला तरी पीळ राहतो. वर्षिणीनं खांदे उडवले. सरांना दोनदा सांगायची हिंमत तिच्यात उरलेली नव्हती, आणि ती कुणी घालवली हे अंबाजीरावांना पुरेपूर ठाऊक होतं.

पत्र छापून आलं. अर्ध्या पानाचं, जर्नलच्या शेवटी. गाइडलाइनवाल्यांनाही त्यांनी एक प्रत पाठवली. 'पुढच्या आवृत्तीच्या वेळी विचार करू' असं छापील उत्तर आलं. अंबाजीराव वाट बघत राहिले. आता कुणीतरी चिडेल, कुणीतरी जाब विचारेल, आकडा गडगडेल. रोज सकाळी फोन उघडून ते आकडा खाली यायची वाट बघत. असा माणूस त्या धंद्यात दुसरा नसेल.

काही महिन्यांनी डीननं त्यांना केबिनमध्ये बोलावून हातात हात घेतला. "अभिनंदन महेंद्रकर! पंधराशे पार! आणि तुमचं ते छोटं पत्रही चाललंय की जोरात!"

अंबाजीराव तसेच विभागात आले. वर्षिणीनं कॉम्प्युटर उघडूनच ठेवला होता. नव्या पेपरांमध्ये वाक्य तेच होतं: हे इंजेक्शन वयस्कांना सुरक्षित आहे. फक्त पूर्वी त्याच्या शेवटी एक महेंद्रकर असे, आता दोन होते. पत्राचीही पहिली ओळ फुकट होती. पुढच्याला पैसे पडत होते.

वर्षिणी हसली. तसं हसू जेमतेम तिशीतल्या पोरीच्या तोंडावर यायला नको होतं, पण आलं. "सर, आता जे कुणी हे चूक आहे म्हणून लिहिणार, ते पण तुम्हाला कोट करणार. अजून वाढणार," ती म्हणाली. अंबाजीराव घरी निघाले. खाली जाताना टीव्हीवर त्यांचा फोटो लागला होता, आणि कुणीतरी त्याभोवती फुलांची चौकट टाकली होती.

घरी अक्का खिडकीजवळ बसली होती. त्या दिवशी यंत्राची पाळी नव्हती, त्यामुळे जरा तरतरी होती. डीननं विठ्ठलरावांना कळवलं होतं, आणि विठ्ठलरावांनी अर्थातच अक्काला.

"पंधराशे म्हणे रे अंबू आता!"

"होय."

"बघ, लोकं वाचायलेत की तुझं." तिनं ओठांवरून जीभ फिरवली. "मग अंबू, एक कर की. एवढी लोकं वाचतात, त्यात एक लिही. म्हातारीला सुई टोचायच्या आधी विचारा म्हणावं, पाणी प्यालीस का म्हणून. त्या यंत्राच्या खोलीत माझ्यासारख्या अजून दोघी आहेत. एक तर तुझ्या सरगूरची."

"लिहिलंय अक्का," ते म्हणाले. "तीस वर्षांपूर्वीच लिहिलंय. सगळ्यांत आधी मीच लिहिलं होतं."

"होय?" अक्काचा सुजलेला चेहरा क्षणभर उजळला. माझ्या भावाला ठाऊक होतं तर, असा. "मग त्या रक्षितनं वाचलं नाही ते?"

"नाही."

"जाऊ दे. पोरगा आहे." तिनं पदरानं ओठ टिपले, आणि भावाकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर अंबाजीरावांनी तो सोसला असता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "पण तू तर लिहिलेलास की रे. त्या दिवशी माझी एकादशी, तुला ठाऊक होतं. तू का नाही विचारलंस?"

उत्तर अंबाजीरावांना येत होतं, पण ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. सांगायचं म्हटलं तर चौदाशेपासून सुरुवात करावी लागली असती.

अक्कानं त्यांना थोडा वेळ दिला. लहानपणी पाढा अडला की द्यायची, तसा. मग तिनं तो नाद सोडला आणि रिकामा पेला पुढे केला.

अंबाजीरावांनी तांब्यात डोकावून बघितलं.

"आजचं संपलं, अक्का," ते म्हणाले.